उणे वीस किलो

कॉलेजात तिला सगळे तोफ म्हणत. गोळाफेकीतला कॉलेजचा अकरा वर्षांचा विक्रम तिने मोडला होता, आणि तो असा की मोजपट्टी धरून उभ्या असलेल्या शिपायाच्या बुटापासून वीतभर अंतरावर गोळा येऊन रुतला. त्या दिवसापासून तिची पाळी आली की शिपाई डोक्यावर हेल्मेट चढवायचा. गोळा पडला होता बुटापाशी आणि हेल्मेट डोक्यावर, पण तोफेला त्याचा फार अभिमान वाटायचा.

गोळाफेक तिला आवडायची कारण त्यात दुसरं कोणी नसतं. एक वर्तुळ, त्यात आपण, हातात गोळा. जिंकलं तर आपण जिंकलो, हरलं तर गोळा नीट नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला क्रीडा विभागाच्या मॅडमनी तिला बोलावून घेतलं. मॅडम कमी बोलायच्या. बोलताना समोरच्याकडे न बघता नेहमी काहीतरी दुरुस्त करत असायच्या. त्या दिवशी बॅडमिंटनच्या जाळीला ठिगळ लावत होत्या.

"यंदापासून नवा नियम आहे. वैयक्तिक खेळाडूने एक तरी सांघिक खेळ खेळायचा. नाहीतर गोळाफेकीलाही नाव जाणार नाही."

"कोणता खेळ?"

"रस्सीखेच. मुलींच्या संघात एक जागा आहे."

"मॅडम, तो खेळ आहे? ते तर सहलीला गेल्यावर करतात."

मॅडमनी दाताने दोरा तोडला. "उद्या सकाळी सहा."

तोफेने विचार केला, बरंच झालं. सातजणी नुसत्या उभ्या राहतील, आपण ओढू, विषय संपला.

सकाळी मैदानावर सातजणी होत्याच, शिवाय एक आठवीही होती. चणीने एवढीशी, गणिताची विद्यार्थिनी, वजन पुस्तकांच्या पिशवीसकट जेमतेम पंचेचाळीस. तिचं नाव होतं शिट्टी. तिचं काम रस्सी ओढणं नव्हतं. संघाच्या बाजूला उभं राहून आरोळी द्यायची, कधी ओढायचं आणि कधी धरून ठेवायचं ते सांगायचं, एवढंच. आवाज मात्र असा, की मैदानाच्या पलीकडची कबुतरं उडायची. घरी ती रोज आजोबांना पेपर वाचून दाखवायची, आणि आजोबांना ऐकू येत नव्हतं.

"म्हणजे ही रस्सीला हातही लावणार नाही," तोफ म्हणाली, "आणि हिचं आम्ही ऐकायचं? हे तर उंटावरून शेळ्या हाकणं झालं."

"शेळ्या चालल्या असत्या," शिट्टी म्हणाली. "त्या एकमेकींचं बघून तरी चालतात."

तोफेला सगळ्यात शेवटी उभं केलं. त्या जागेला अँकर म्हणतात. रस्सी काखेखालून पाठीवर घेऊन दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणायची आणि मागे रेलून उभं राहायचं. तिच्यापुढे दोघी जुळ्या बहिणी होत्या. त्यांचं कशावरच एकमत व्हायचं नाही, घड्याळात किती वाजले यावरसुद्धा. बाकीच्या पाचजणी शांत होत्या, पण जुळ्यांमुळे ते कुणाला कळत नसे.

पहिला सराव सामना कॉलेजच्या ऑफिसशी झाला. परीक्षा विभागातले आठ कारकून, सरासरी वय पन्नास, त्यातल्या दोघांचे चष्मे दोरीने गळ्यात अडकवलेले. तोफेला हसू आवरेना. मॅडमनी हात खाली केला, शिट्टीने "धरा!" म्हणून आरोळी दिली, आणि तोफेने धरलं नाही. तिने सगळ्या ताकदीनिशी हिसका दिला. रस्सी हातभर मागे आली. त्या धक्क्याने पुढच्या सातजणींचे पाय सुटले. तोफ पुन्हा हिसका द्यायला पुढे झाली तेवढ्यात कारकुनांनी, जणू कुणीतरी चहा आला असं सांगितल्यासारखं, आठही जणांनी एकाच क्षणी मागे पाऊल टाकलं. मग दुसरं. मग तिसरं. मुली एकमेकींवर ढिगासारख्या पडल्या आणि तशाच ओढल्या गेल्या. सगळ्यात वर तोफ होती.

दुसऱ्या वेळीही तेच झालं, फक्त जरा लवकर.

"पंचवीस वर्षं एका खोलीत बसतो आम्ही," हेडक्लार्क चष्मा पुसत नम्रपणे म्हणाले. "एकाने खुर्ची सरकवली की सगळ्यांना कळतं, का ते."

तोफेच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी ओढत होते! या सगळ्या माझ्या रस्सीला लोंबकळत होत्या!"

"तुझ्या रस्सीला?" एक जुळी म्हणाली.

"रस्सी कॉलेजची आहे," दुसरी म्हणाली. त्या दोघींचं इतकं जवळ येणारं मत संघाने पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम कुठूनतरी एक भलामोठा टांगता काटा घेऊन आल्या. पूर्वी गोदामात पोती मोजायला वापरायचे तसला. काटा मैदानाच्या कडेच्या जाड झाडाला बांधला आणि रस्सीचं टोक त्याच्या आकड्यात अडकवलं. आधी तोफ एकटी. तिने ओढलं, काटा नव्वदवर गेला. तिने मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. मग तिला बाजूला करून बाकीच्या सातजणी, शिट्टीच्या आरोळीवर. काटा हळूहळू चढला आणि चारशे दहावर थांबून राहिला. मग आठही जणी. काटा पाचशेच्या दिशेने उसळला, खाली आपटला, पुन्हा उसळला, थरथरला आणि शेवटी तीनशे नव्वदवर येऊन बसला.

शिट्टीने वहीत आकडे लिहिले. गणितवाल्या मुलींना दयामाया नसते.

"चारशे दहा अधिक तू, बरोबर तीनशे नव्वद," ती म्हणाली. "म्हणजे तू उणे वीस किलो आहेस."

मैदानावर कुणी हसलं नाही, हेच फार लागलं. तोफेने हात झटकले, बॅग उचलली आणि निघून गेली. घरी जाऊन तिने आरशासमोर दंडाचा घेर मोजला. तो तेवढाच होता. उणे बिणे काही नव्हतं.

चार दिवस ती सरावाला गेली नाही. पाचव्या दिवशी, रविवारी, घरात भलतंच घडलं.

तिचे बाबा आणि काका मिळून लोकांचं घरसामान हलवायचा धंदा करायचे. एक टेम्पो, खांद्यावर घ्यायचे चार पट्टे, गोधड्यांचा ढीग आणि तेवीस वर्षांचा अनुभव. काकांनी त्या तेवीस वर्षांत फ्रिज, तिजोऱ्या आणि एकदा तर वर रोगी झोपलेला असताना पलंगही तीन मजले उतरवला होता. त्या सकाळी ते बुटाची नाडी बांधायला वाकले आणि तसेच राहिले. त्यांची कंबर धरली होती. त्यांना तशाच काटकोनात उचलून गादीवर कुशीवर ठेवलं, तर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "डॉक्टरसाहेबांचं कपाट आज उतरवायचंय."

डॉक्टरसाहेब म्हणजे एक निवृत्त दंतवैद्य. चौथ्या मजल्यावरचं घर सोडून मुलीकडे राहायला चालले होते. दुपारपर्यंत घराची किल्ली द्यायची होती, आणि नेमकं कपाटच मागे राहिलं होतं. सागवानी, पुरुषभर उंच, लिफ्टमध्ये न मावणारं.

"मी आहे ना," तोफ म्हणाली. "तुम्ही आणि मी."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "ते दोघांचं कपाट नाही गं. चौघांचं आहे. आणि शिवाय एकजण बघणारा लागतो. तुझ्या त्या रस्सीवाल्या मैत्रिणी येतील का?"

"त्या मैत्रिणी नाहीत."

"बरं. मग त्या कोण असतील त्या येतील का?"

तोफेने फोनवर तीनदा मजकूर लिहिला आणि तीनदा पुसला. पहिला फार ताठ होता, दुसरा फार लाचार, तिसऱ्यात कपाटाऐवजी चुकून कपट झालं होतं. शेवटी तिने शिट्टीला फोनच लावला आणि एका दमात सांगितलं, "माझ्या काकांची कंबर धरली आहे आणि एक कपाट आहे आणि तुम्ही सगळ्या येऊ शकता का, नाही आलात तरी चालेल."

"कितवा मजला?" शिट्टीने विचारलं.

तासाभरात सगळ्या आल्या. जुळ्या दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आल्या, कारण जवळचा रस्ता कोणता यावर वाद होता.

डॉक्टरसाहेब बारीक, नीटनेटके आणि कमालीचे घाबरलेले होते. बाबांनी कपाटावर थाप मारून विचारलं, "रिकामं आहे ना?"

"अगदी," डॉक्टरसाहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

खालच्या टोकाला बाबा आणि तोफ, वरच्या टोकाला दोघी जुळ्या, पाचजणी कपाटाचे खण घेऊन सगळ्यांच्या खाली. शिट्टी पुढे, खालच्या वळणावर उभी. उचलण्याआधी बाबांनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"खालच्याला काही दिसत नाही आणि वरच्याला वजन कळत नाही. म्हणून बोलायचं एकानेच. बाकीच्यांनी शिंकायचं असेल तर आत्ता शिंकून घ्या."

एका जुळीने खरंच शिंकून घेतलं.

पहिल्याच पायरीवर तोफेने सवयीने आपली बाजू झटक्यात वर घेतली. कपाट तिरपं झालं, भिंतीचा पापुद्रा निघाला आणि बाबांच्या तोंडून जो आवाज आला तो तिने यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"काय झालं बाबा?"

"काही नाही. तू जास्त उचललंस."

"जास्त उचललं तर तुम्हाला हलकं व्हायला हवं ना?"

"अगं, तुझा कोपरा वर गेला की सगळं वजन घरंगळत माझ्या कोपऱ्यात येतं. तुझी ताकद मला पाठीवर घ्यावी लागते. तुझ्या काकाचीही लग्नाआधी हीच खोड होती."

तोफेच्या नाकासमोर कपाटाचा तळ होता, त्यावर कुण्या सुताराने खडूने सात लिहिलेलं. त्याशिवाय जगात काहीही दिसत नव्हतं. शिट्टीचा आवाज मात्र जिन्याच्या पोकळीतून स्वच्छ येत होता. "एक पायरी. थांबा. एक पायरी. थांबा." तोफेने पहिल्यांदाच त्या आवाजाच्या आधी काहीच केलं नाही. चौथ्या मजल्यावरून तिसऱ्यावर ते कपाट असं उतरलं, की बाबा गुणगुणायला लागले.

तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर मात्र ते अडकलं. वरचा कोपरा छताला, खालचा कठड्याला.

"थांबा!" शिट्टी ओरडली. "कुणीही हलू नका. वरच्यांनी डावीकडे दोन बोटं."

"कुणाच्या डावीकडे?" एक जुळी म्हणाली.

"डावीकडे म्हणजे डावीकडे," दुसरी म्हणाली आणि विरुद्ध बाजूला सरकली.

कपाटाने एक हिसका खाल्ला, कुलूप तटकन उघडलं, आणि दार अर्धवट उघडून आतून दात बाहेर पडले.

शेकड्यांनी दात होते. प्लास्टरचे पांढरे जबडे, वरचे आणि खालचे, प्रत्येकाला क्रमांक चिकटवलेला. डॉक्टरसाहेबांनी पन्नास वर्षांत घेतलेले सगळ्या रुग्णांचे ठसे. ते जिन्यावरून टणाटण उड्या मारत, काही हसत, काही नुसतेच आ वासून, खाली निघाले.

"तुम्ही रिकामं म्हणाला होतात!" बाबा कपाटाखालून ओरडले.

"कपडे नाहीत या अर्थाने!" डॉक्टरसाहेब वरून ओरडले. "बाहेर काढले असते तर क्रम बिघडला असता!"

तेवढ्यात खालून भाजीची पिशवी घेऊन एक शेजारीणबाई वर येत होत्या. पहिल्या जबड्याने त्यांना पायरीवर गाठलं. त्या थांबल्या. दुसरा, तिसरा आणि चौथा आल्यावर त्यांनी पिशवी तिथेच ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "मी नंतर येते."

"त्र्याऐंशी नंबरवर पाय देऊ नका!" डॉक्टरसाहेब विव्हळले. "ते न्यायाधीश होते!"

या सगळ्यात तोफेच्या खांद्यावर कपाट होतं. एक जबडा तिच्या मानेवर आपटून शर्टाच्या आत शिरला होता आणि पाठीला चावल्यासारखा रुतत होता. तिच्या सगळ्या अंगाला एकच वाटत होतं, जोर लावून हे एकदाचं ढकलून द्यावं. आणि शिट्टी म्हणत होती, "थांबा."

तोफ थांबली. ओढायला ती घाबरत नव्हती, फेकायला तर नाहीच, पण नुसतं धरून राहणं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. शेजारी बाबांचा श्वास ऐकू येत होता, आणि तिला कळलं की तोही तिच्याच मापाने चालला आहे, ती सोडेल तेव्हाच सोडायच्या बेताने. खालच्या पाचजणी गुपचूप दात गोळा करत होत्या. शिट्टी जुळ्यांना म्हणाली, "भिंतीकडे दोन बोटं. भिंत एकच आहे ना?" भिंतीबद्दल दोघींचं एकमत झालं.

"आता सगळे मिळून, उजव्या पायावर. एक पायरी."

कपाट छताला शेवटचं घासून निसटलं.

खाली टेम्पोत ते ठेवल्यावर तोफेने पाठीतून जबडा काढला. क्रमांक त्र्याऐंशी. डॉक्टरसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. "एकही दाढ तुटली नाही," ते म्हणाले.

तोफ शिट्टीपाशी जाऊन उभी राहिली. माफी मागायची तिला सवय नव्हती, त्यामुळे तिने विचारलं, "उद्या काटा लावणार आहात का?"

"मॅडमना सांगते," शिट्टी म्हणाली.

त्यानंतरचे दोन महिने तोफ रोज सहाला मैदानावर असायची. काटा पाचशे वीसपर्यंत गेला. हे काही एका दिवसात झालं नाही. मधे तिने दोनदा रागाने रस्सी टाकली, एकदा शिट्टीने रागाने वही टाकली, आणि एका सकाळी मॅडमनी सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या एकमेकींच्या बुटांना बांधून मैदानाला फेरी मारायला लावली. ती फेरी पूर्ण व्हायला पाऊण तास लागला. जुळ्या तोंडाने भांडत राहिल्या, पण पाय बरोबर टाकायला लागल्या.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिले दोन संघ त्यांनी सहज ओढले. उपांत्य फेरीत समोर शेतकी कॉलेज आलं. त्या मुली हस्तांदोलन करायच्या तर बोटं मोजून परत घ्यावी लागत. पहिली खेच त्यांनी जिंकली, दुसरी आपल्यांनी. तिसरीत दोन्ही संघ असे रेलले की रस्सी तारेसारखी ताठ झाली आणि मधली लाल खूण एका जागी थरथरत राहिली. एक मिनिट. दोन मिनिटं.

"धरा," शिट्टी म्हणत होती. ओरडत नव्हती, नुसती म्हणत होती. "धरा. श्वास घ्या. धरा."

तिसऱ्या मिनिटाला तोफेच्या टाचेखालचं गवत मातीसकट निघालं आणि ती दाणकन खाली बसली.

अँकर बसली की संघ गेला, असं म्हणतात. पंचाने इशाऱ्यासाठी बोट वर केलं. शेतकी कॉलेजने जोर लावला. तोफेने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहिली, आता सगळ्या आपल्यावर येऊन कोसळणार. कुणी कोसळलं नाही. तिने डोळे उघडले. लाल खूण वीतभर पुढे गेली आणि थांबली. तिच्यापुढच्या सातही पाठी तशाच तिरप्या उभ्या होत्या, एकसारख्या.

"अँकर, उठ. घाई नको," शिट्टी म्हणाली. "त्यांनी धरलंय."

"सावकाश ये गं," एक जुळी दात आवळून म्हणाली.

"पण ये," दुसरी म्हणाली.

तोफ आधी एका गुडघ्यावर आली, मग पायावर. तिने टाच रोवली आणि रस्सीचा भार हळूहळू, हिसका न देता, परत अंगावर घेतला. पुढच्या सातजणींचे खांदे बोटभर सैल झालेले तिला रस्सीतूनच कळले.

"आता," शिट्टीने कबुतरं उडवली.

एक पाऊल. दुसरं. तिसरं. चौथ्याला शेतकी कॉलेजची पहिली मुलगी रेषेच्या अलीकडे आली आणि तशीच हसत गवतावर आडवी झाली. मॅडम बाजूला उभ्या राहून वाजवायच्या एका शिट्टीच्या कडीत नवा दोरा ओवत होत्या. तो दोरा कडीच्या भलत्याच बाजूने गेला, एवढंच.

अंतिम फेरी पंधरा मिनिटांनी होती. ती त्या दोन्ही वेळा मिळून बावीस सेकंदांत हरल्या. त्यात गोष्ट सांगण्यासारखं काही नाही. हातांत जीवच उरला नव्हता, आणि समोरचा संघ उपांत्य फेरीत न खेळताच पुढे चाल मिळाल्यामुळे सावलीत झोपून ताजातवाना होऊन आला होता.

उपविजेतेपदाच्या कागदावर आठही खेळाडूंच्या सह्या हव्या होत्या. कुणाचीच बोटं सरळ होईनात. सगळ्यांचे हात अदृश्य रस्सी धरल्यासारखे मिटलेले. पेन गळून पडायचं, बाटलीचं झाकण फिरायचं नाही. त्या आठ धिप्पाड मुली बाकावर ओळीने मिटल्या हातांनी बसल्या होत्या, आणि हात चालणारी एकच होती.

शिट्टीने आठ बाटल्या उघडल्या आणि एकेकीच्या तोंडाला लावायला सुरुवात केली. जुळ्यांपाशी, आधी कोण यावर वाद निघाला, तेव्हा तिने दोन्ही हातांनी दोघींना एकदमच पाजलं. शेवटी ती तोफेपाशी आली.

"तू सकाळपासून पाणी प्यायलीस का?" तोफेने विचारलं.

शिट्टीने मान हलवली. तिचा घसा इतका बसला होता की 'नाही' सुद्धा बाहेर पडलं नाही.

तोफेने दोन मनगटांमध्ये बाटली धरली, ती एखाद्या कपाटासारखी सांभाळून उचलली आणि शिट्टीच्या तोंडाला लावली. अर्धं पाणी शिट्टीच्या नाकात गेलं.